मायाक्काच्या गुडघ्यातली पिन

३ नोव्हेंबर, सांगली
आपटेकाकांनी आज त्यांच्या लेथवर कापड टाकलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण आता बारीक दिसत नाही म्हणाले, आणि अंदाजानं पिन करायची नाही. बाबांच्या वेळेपासून आमच्या वर्कशॉपातल्या प्रत्येक कृत्रिम गुडघ्यातली पिन काकांच्या हातची. करंगळीएवढी वस्तू, पण माणसाचं सगळं वजन तिच्यावर. ती झिजली की गुडघा दगा देतो आणि माणूस तोंडावर.
पाया पडले. काका म्हणाले, "नवा माणूस लवकर शोध. पण घाई करू नकोस." दोन्ही एकदम कसं जमवायचं ते सांगितलं नाही.

९ नोव्हें.
नितीनबरोबर साताऱ्याला, पिना करणारा कारखाना बघायला. (धाकटा भाऊ असला तरी हिशेब, मेल, गाडी, सगळं त्याच्याकडं. त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही हे त्याला कळू द्यायचं नाही.) कारखाना चकचकीत. जमिनीवर तेलाचा थेंब नाही. तिथले साहेब तरुण, बोलायला गोड. सगळं दाखवलं, न विचारता चहा. मी विचारलं, एखादी पिन खराब निघाली तर? "मॅडम, आमच्याकडून खराब माल बाहेर जातच नाही."
नि. खूश. खोटं कशाला लिहू, मीही. येताना कंदी पेढे.

१५ नोव्हें.
कुपवाडला चौगुल्यांची शेड. घरची द्राक्षं त्यांचा भाऊ बघतो, हे मशिनींत रमलेले. पन्नाशीचे असतील. बोलताना हातातल्या फडक्याची घडी घालायची सवय. त्यांनाही तोच प्रश्न विचारला. फडक्याची आणखी एक घडी.
"जाती की ताई एखाद्या वक्ताला. गेली तर सांगीन."
गाडीत बसल्या बसल्या नि. सुरू. "ऐकलंस? माल खराब जातो म्हणून स्वतःच सांगतोय!"
हसून हसून पोट दुखलं. पण त्याचंही खरं.

२१ नोव्हें.
दोन्हीकडचे नमुने आले. मायक्रोमीटर लावून दिवसभर तेच. दोन्ही उत्तम. साताऱ्याच्या पिना तर एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. पण त्यांचा पहिला लॉट जानेवारीशिवाय नाही, आणि गुडघ्यासाठी आपली माणसं ताटकळलेली. छोट्या लॉटचं काम चौ.ना दिलं. नि. नाराज. रात्रीच्या जेवणात दोनच भाकऱ्या. रागाचं माप हेच.

२८ नोव्हें.
नव्या लॉटमधला पहिला गुडघा मायाक्काला. जतकडची, मेंढरं राखणारी. ट्रकच्या धडकेत मांडीपासून पाय गेला, तरी कळपामागं चालणं सोडलं नाही. आधीचा गुडघा तिनं दगडधोंड्यांत अक्षरशः संपवून आणला होता. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून चार पावलं टाकली आणि वैतागली.
"बाई, मला कशापायी ह्या दांड्यांत कोंडलंय? भायेर जाऊ द्या."
गेली ती अंगण ओलांडून रस्त्याला. मागं वळून बघितलं पण नाही.
आजचा दिवस चांगला.

६ डिसें. (सकाळचं, घाईत)
चौगुले दारात. बसा म्हटलं तर बसेनात.
"ताई, त्या पिना लावू नका. कच्च्या हायत."
माप बरोबर, चूक आतली. पिना भट्टीत तापवून कडक करायच्या असतात. दोन ट्रे अदलाबदल झाले आणि भट्टी न लागलेला ट्रे आमच्याकडं आला. शेडमध्ये मागं राहिलेल्या पिनेवर काल सहज कानस ओढली म्हणे, तर कानसेनं धातू धरला. कडक पिनेवरनं ती घसरायला पाहिजे. रात्रभर झोप नाही त्यांना.
माझ्या मायक्रोमीटरला हे कधीच कळलं नसतं.
एक पिन गेली म्हटलं, जतला. मायाक्काचा फोन बंद. नि. चौ.वर एवढा ओरडला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. चौ. खाली मान घालून ऐकत होते. "बरोबर हाय तुमचं," एवढंच. मग मला, "गाडी भायेर हाय ताई. हत्यारं, चांगल्या पिना घेतल्यात. चला."
नि. इथंच. बाकीच्या पिना बाजूला काढतोय. निघते.

७ डिसें.
काल लिहायचं त्राण नव्हतं.
जतला तिच्या घरी सासू एकटी. निम्मं कानडी, निम्मं मराठी, निम्मं हातवारे. अर्थ एवढा, की कळप गेला कवठे महांकाळच्या अंगाला. म्हणजे येताना आम्ही तिच्या शेजारूनच आलो! पुन्हा मागं. चौ. वाटेत प्रत्येक टपरीवर उतरून विचारत होते.  गाडीत एकदाच म्हणाले, "पडली असंल तर काय तोंड दावायचं."  माझ्याही मनात तेच.
ऊन कलताना एका रानात मेंढरं दिसली. आणि ती. बांधावर उभी, खांद्यावर कोकरू, खालच्या ओढ्यात उतरायच्या बेतात.
मी ओरडले, "मायाक्का, थांब! उतरू नकोस!"
"काय झालं वं बाई? कोण मेलं काय?"
पळत जाऊन तिला धरलं. कोकराचं वजन माझ्याकडं, तिचं चौ.कडं. बाभळीखाली बसवलं, पाय उतरवला. पिन काढली तर तिच्यावर खाच पडलेली, नखाला लागेल अशी. इतक्या थोड्या दिवसांत. चौ.नी कानस ओढली. धरली. नवी पिन घेतली, तिच्यावर ओढली. काचेवरनं घसरावी तशी घसरली. ती त्यांनी मला दिली, "तुमीबी ओढून बगा." बघितली. मग बसवली.
मायाक्का सगळं निरखत होती. "चार दिस झालं कुरकुरत हुता. म्हनलं नवा हाय, बोलत आसंल."
चौ.नी हात जोडले. "बाई, चूक माजी हाय. तुमी पडला असतासा."
ती म्हणाली, "पडले न्हाई न्हवं? आन् आलासा न्हवं सांगाया एवढ्या लांब?" मग आडनाव विचारलं. चौगुले म्हटल्यावर सूर्याकडं बघून गडबडीनं उठली. "मग आदी भाकरी खावा. दिस बुडला की तुमी जैन लोक न्हाई खायाचं. तुमच्या लोकांच्या रानात खतापायी बसवतो की आमी मेंढरं, ठावं हाय मला."
दिवस मावळायच्या आत भाकरी, ठेचा, वर दूध. आम्ही खात होतो.  ती नव्या पिनेवर उठबस करून बघत होती.
देवा, तुझे उपकार. आणि कानसेचे.

१० डिसें.
चौ.नी सगळा लॉट परत नेला. आता प्रत्येक ट्रेमधल्या पिना भट्टीनंतर तपासून, ट्रेवर सही करून येणार. पहिली सही त्यांची स्वतःची.
काकांना सगळं सांगितलं.
"स्वतः आला?"
"हो."
"तू विचारायच्या आधी?"
"हो."
 चष्मा काढून पुसत बसले.

१३ डिसें.
मिरजेच्या हॉस्पिटलकडून मोठं काम आलंय. एवढे गुडघे आपण एका वर्षात कधी केले नाहीत. बाबा असते तर...
पिना कुणाकडून, हे सोमवारपर्यंत ठरवायचं. साताऱ्याचे साहेब म्हणाले, मोठं काम असेल तर लॉट आधी देऊ.
नि. आज शांतपणे बोलला, म्हणून जास्त लागलं. "ताई, त्यानं सांगितलं याबद्दल मी त्याच्या पाया पडीन. पण मुळात झालंच कसं? आणि पुढच्या वेळी कानस ओढायचं सुचलं नाही तर?"
 साताऱ्याला अशी चूक होणार नाही कदाचित. झाली तर मला कळेल का, एवढंच कळत नाही.
त्या दिवशी नि. ओरडला ते मायाक्कासाठी, हेही विसरायचं नाही. भाऊ चांगला मिळालाय.

१६ डिसें., सोमवार
नि.नं साताऱ्याला मेल लिहून ठेवली. पाठवायच्या आधी मला वाचायला बोलावलं. सभ्य, मुद्देसूद मेल. दुसरी चौ.ना, तीही तितकीच सभ्य. एकच पाठवायची. किंवा काम वाटून द्यायचं, असं मी म्हटलं. नि. म्हणाला, "वाटलं तरी जास्त कुणाला, ते ठरवावंच लागेल."
म्हटलं, आधी मायाक्काला फोन लावू. आज लागला. मागं मेंढरांचा कालवा, वारा. स्पीकरवर ठेवला.
"मायाक्का, गुडघा कसा आहे?"
"कंचा वं?"
पायात नवा गुडघा आहे हेच ती विसरलेली. नि.नं माझ्याकडं बघितलं. दोन्ही मेल स्क्रीनवर तशाच उघड्या.