खाचेचा कटोरा

मी, खाली सही करणारी, शिवणकाम करून घर चालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्या हृदयाचे काही खरे नाही, पण डोके ठीक आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे. तेवढ्याने कुणी मला वेडी ठरवू नये.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. पतींनी त्यात हयातभर राहावे, नंतर ते मुलीचे. त्यांनी पुन्हा लग्न केल्यास घर लगेच मुलीचे. मुलगी म्हणाली, "आई, बाबा सत्तरी ओलांडलेले, काहीतरीच काय तुझं!" तिने त्यांना हल्ली आरशासमोर भांग पाडताना पाहिलेले नाही.

२. शिलाई मशीन व बँकेतली शिल्लक मुलीला. मोठी कात्री नणंदेच्या हाती लागू देऊ नये. माझ्या कापडाच्या कात्रीने तिने पुठ्ठा कापला होता आणि वर म्हणाली, "काय झालं त्यात?"

३. बैठकीतले काचेचे कपाट. त्यात जुन्या काळी आजाऱ्याचे रक्त काढायची हत्यारे आहेत: शिरा उघडायची नश्तरे, काचेच्या तुंबड्या, झाकणाला भोके असलेली जळवांची बरणी आणि कळ दाबताच पाती बाहेर उडणारी पितळी डबी. पती औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. नाद त्यांचा, पण खरेदी माझ्या शिलाईवर झाली, म्हणून या वस्तू माझ्या. मला गोळी द्यायचे विसरणारा हा माणूस त्या डबीला तेल द्यायचे कधी विसरला नाही.

हे कपाट मी संग्रहालयातल्या बाईंना देते. त्या पांढरे हातमोजे घालून वस्तू हाताळतात, म्हणून मी त्यांना हातमोजेवाली म्हणते. दर आठवड्याला येतात. दोघे नश्तर उजेडात धरून बघतात आणि हे हसतात. तसे हसू माझ्या वाट्याला फार थोडे आले. मी जळते, हे इथे स्पष्ट लिहिते. कपाट संग्रहालयातच ठेवावे, म्हणजे बाईंना इथे यायला निमित्त उरणार नाही.

४. यातून एक पितळी कटोरा वगळला आहे. त्याच्या काठाला अर्धगोल खाच आहे. रक्त काढताना आजाऱ्याचा हात तिच्यात टेकवत. आमची ही पहिली खरेदी. तेव्हा यांनी माझी बाही वर सरकवून हात त्या खाचेत ठेवला आणि म्हणाले, "बघ, तुझ्याच मापाचं केलंय." जन्मभर मी लोकांची मापे घेतली. माझे माप कुणी घेतले ते त्या एकदाच.

गेल्या आठवड्यात मी चहा घेऊन बैठकीत गेले. हातमोजेवालीने हातमोजा काढला होता आणि तिचा हात त्या खाचेत होता. हे म्हणत होते, "बघा, तुमच्याच मापाचं केलंय."

कटोरा यांच्याकडेच राहावा, मात्र खाच बुजवून. जुन्या वस्तूला तापवून डाग दिला की ती मातीमोल होते, असे हेच सांगतात. होऊ दे. मी गेल्यावर हे काम यांच्या हातून होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ठिकाण: शिवणाची खोली. दिनांक: अकरा मार्च. हे संग्रहालयात गेले आहेत.

सही: (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार पहिली: शेजारची नर्स.

साक्षीदार दुसरा: तांबट. याने हात धुऊन सही केली. कटोरा अजून गरम आहे.