माळ आणि ब्रीदरची नळी

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

जुनी मोटारसायकल आज आरटीओत पास झाली, तरी मनाला बरं वाटत नाही. इंजिनातला धूर परत हवेच्या फिल्टरकडे नेणारी ती ब्रीदरची नळी; हौसेने गोल फिल्टर बसवला, त्याला ती जोडायला जागाच नव्हती, तेव्हापासून खाली मोकळी लोंबायची, धूर उघड्यावर सोडायची. ते कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. मेकॅनिक बबन म्हणाला, "काका, माझ्या गाडीचा फिल्टर नि नळी लावा. पास झाली की परत द्या. कोणाला कळतंय?" मी लावली.

इन्स्पेक्टर वाकलाच नाही. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघून म्हणाला, "माऊली, तुमची गाडी काय बघायची?" वाकून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

परतल्यावर बबनने आपलं सामान काढून घ्यायला पाना उचलला. म्हटलं, राहू दे, तुला नवीन सामान आणून देतो. तो हसला. "पास झालात ना? मग आता कशाला?"

नळी आता कायमची राहील, तेवढं निस्तरलं. पण माळेचं काय? ती एरवी शर्टाच्या आत असते. आज निघताना वरचं बटण मीच उघडं ठेवलं होतं.