भाऊजींचं पाणी

ब्रेंताकाठ, १० मार्च १९५७

सौ. जेम्मावन्सं यांस,
ओलिवाचा स. न. वि. वि.

तिकडे अर्जेंटिनात सगळी खुशाल ना? इथे तुमचे बोर्तोलोदादा जेवत नाहीत. ते राखतात तो नावा चढवायचा-उतरवायचा आपला हौद बुजवून वरून रस्ता नेणार आहेत. पाणचक्की तर आमचे हे, तुमचे सांतेदादा, गेल्यापासूनच बंद. मी मक्याच्या पिठाचा पोलेंता घेऊन गेले, तर भाऊजी म्हणतात, वहिनी, पीठ जाड दळलंय! म्हटलं, विकतचं आहे. आमचं चाक चालायचं तेव्हा तुम्ही नावांसाठी पाणी पळवायचात, आता बसा जाडंभरडं खात.

मग हळूच म्हणाले, सांतेदादा गेला तेव्हा मी त्याला पाणी दिलं. चक्कीची चाकं थांबवून, एकही नाव आत न घेता हौद भरला नि सोडला. बाबांनाही दिलं. मला कोण देणार? मी म्हटलं, ओतीन की बादलीभर. तर रडायला लागले, वन्सं. जीभ चावली मी.

तुमची वहिनी,
ओलिवा

ब्युनोस आयर्स, २९ मार्च

प्रिय ओलिवावहिनी,
सा. न.

तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच! आपल्याकडे पाण्याविना गेलेला माणूस काठावरच अडकतो म्हणतात. पाद्रीबाबा हसतील, हसू देत. माती पडायच्या आत दादाला जितेपणीच पाणी दे. मी इथून काय करणार गं? तुझ्याच भरवशावर आहे.

तुझी,
जेम्मा

ब्रेंताकाठ, २ मे

जेम्मावन्सं,
नमस्कार.

दिलं पाणी. हौदाची दारं कुजलेली, एकदाच सोसतील असं भाऊजीच म्हणाले. दारांचा रहाट मी नि शेजाऱ्यांनी फिरवला. भाऊजी टोपी काढून काठावर उभे. हौद भरला तशी मला हाक मारली, वहिनी, शेजारी ये. मी म्हटलं, का, लग्न लावताय का काय? गाव खदखदून हसलं. तर म्हणाले, नंतर तुला तरी कुठलं मिळणार? अर्धं तुझं.

मग कुणी हसलं नाही. उभी राहिले. पाणी गेलं, नि त्याच्याबरोबर एक दार मोडून गेलं.

पुढच्या रविवारी भाऊजी गेले. झोपेतच, शांत. आम्ही त्यांना नेत होतो तेव्हा हौदात माती पडत होती. ट्रक काही थांबले नाहीत. मी आपली सगळ्यांच्या मागून चालले. माझंही पाणी सुटून गेलंय, वन्सं. सकाळी उठते, चूल पेटवते, नि कुणाशी भांडू ते कळत नाही.

लोभ आहेच तुमचा. तो मागे ठेवू नका, मी आहे तोवर पाठवत राहा.

ओलिवा