अर्ध्या कपाचं पथ्य

बसवनगुडी, बेंगळूर
रविवार, १२ एप्रिल १९६४

प्रिय शेषगिरी,

आशीर्वाद लिहावा तर तू स्वतःच आता आजोबा झालास, आणि नमस्कार लिहावा तर माझ्या लग्नात ज्या दहा वर्षांच्या कारट्याने भर मांडवात माझा कान पिळला, त्याला नमस्कार करायला माझा कान अजून तयार होत नाही. (तो रिवाज नवरीच्या भावाने हलक्या हाताने पार पाडायचा असतो. तू लोंबकळला होतास.) तेव्हा थोडा आशीर्वाद घे, थोडा नमस्कार घे आणि भागव. गुडघा कसा आहे? सौ. वसुमती बारशाच्या तयारीसाठी मद्रासला पुढे गेलीच असेल. चंपा आणि तिचं बाळ सुखरूप आहेत हे वाचून फार बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम असायला घरात माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, त्यामुळे ते सांभाळायला फारसे कष्ट पडत नाहीत.

तुझं कार्ड पोचलं. शनिवारी सकाळी तू इथे उतरणार, रात्रीच्या मेलने मद्रासला जाणार आणि मधला सबंध दिवस स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढणार, कारण 'आता अक्का नाही, भावोजींना उगाच त्रास कशाला.' अगदी योग्य विचार आहे. वेटिंग रूममध्ये पंखा आहे, वेताच्या लांब खुर्च्या आहेत, आणि पंखा फिरत असला तर माणसाला आणखी काय हवं असतं! मला त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. हे पत्र मी आइस्क्रीमबद्दल लिहितो आहे.

त्याचं असं झालं की मला जिना चढताना दम लागायला लागला, म्हणून मी आपल्या गल्लीतल्या जुन्या वैद्यांच्या पद्माकराकडे गेलो. हा इंग्लंडात शिकून आला आहे. त्याच्या आजोबांनी मला लहानपणी एरंडेल पाजलं होतं, त्यामुळे घराण्यावर विश्वास असण्याचं मला काही कारण नव्हतं, पण जवळ दुसरा डॉक्टर नाही. त्याने मला वजनाच्या काट्यावर उभं केलं, पोट दाबलं, जीभ पाहिली आणि मग अर्धा तास कॅलरी या विषयावर बोलला. कॅलरी ही चीज प्रत्येक पदार्थात असते, पण दिसत नाही, तिला वास नाही, चव नाही, आणि तिच्याशिवाय जगता येत नाही. (हेच सगळं शेजारचे भीमाचार्य एकादशीच्या प्रवचनात परमेश्वराबद्दल सांगतात, आणि तेव्हाही मला झोप येते.) बिसीबेळे भातात ती किती, तुपाच्या चमच्यात किती, मसाला दोशात किती, असं सांगत सांगत गाडी आइस्क्रीमवर आली, आणि मी खुर्चीत सावरून बसलो. आइस्क्रीम सोडायचं नाही, असं ठरलं. मात्र आठवड्यातून एकदा, शनिवारी, आणि तेसुद्धा अर्धाच कप. मजेत खायचं, पण बेताने. असं हे पथ्य आहे.

तुला वाटेल, अर्धा कप खाण्यात अवघड ते काय. तू धारवाडचा, तुला बेंगळुरातल्या खाण्याच्या रीतीभाती कुठून माहीत असणार! इथे हॉटेलात दोन माणसं बसली की एक कॉफी मागवतात आणि 'बाय-टू' म्हणतात. लगेच एकीच्या दोन होऊन येतात, आणि दोघं आपापली अर्धी कॉफी पुढ्यात घेऊन तास तास बसतात. गांधी बाजारात आमचं जे नेहमीचं आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथेही हीच रीत. एका मापाचे दोन कप भरून येतात. पण बाय-टू मागायचं तर माणसं दोन लागतात. एकट्या माणसाने अर्धं मागितलं तर उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? ते कॉफीसारखं पुन्हा ऊन करता येत नाही. म्हणजे बघ, या शहरात बेताने खायला स्वतःवर ताबा असून भागत नाही, समोर कुणीतरी असावं लागतं.

तुझ्या अक्काच्या वेळी हा प्रश्न कधी पडला नाही. दर शनिवारी संध्याकाळी देवळातून आम्ही थेट तिथे जायचो. कोपऱ्यातलं टेबल, तिची भिंतीकडची खुर्ची, बाय-टू व्हॅनिला. वर एकच लाल चेरी असायची, ती तिची. त्यावर आमच्या संसारात कधी चर्चा झाली नाही. माझं आटपायचं, तिचं बोलणं आटपायचं नाही. मग मधेच 'मला साकु' म्हणून ती आपला कप माझ्याकडे सरकवायची. (लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी पुरेसं झालं की तिच्या तोंडात कानडीच यायचं.) तो उरलेला भाग मी खायचो आणि बिनदिक्कत समजायचो की मी अर्धा कप खातो. आता पथ्य म्हणून खराखुरा अर्धा कप पुढ्यात आला, तेव्हा कळलं की अर्धा म्हणजे फारच थोडा असतो.

असो. तर पथ्य पाळण्यासाठी मी काय काय केलं ते ऐक. पहिल्यांदा वाटलं, अर्धा आज खावा, अर्धा उद्या. म्हणून अक्काचा निळा थर्मास घेऊन दुकानात गेलो. पूर्ण कप त्यात भरून घेतला, घरी आणला, निम्मा वाटीत काढून खाल्ला आणि बूच घट्ट लावून निजलो. सकाळी थर्मासातून गोड दूध निघालं. टाकवेना, म्हणून तेच कॉफीत घातलं. व्हॅनिलाची कॉफी कशी लागते हे मी तुला सांगणार नाही, पण त्या दिवशी भीमाचार्य सहज म्हणून आले होते, त्यांनाही मी तीच दिली. ते पेला अर्धा ठेवून उठले आणि जाताना, घरात बाई माणूस नसलं की असंच होतं, असं म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं, पण मला दिवसभर राग आला.

मग मी प्रतापरावांना गाठलं. आमच्या मागच्या रस्त्याला राहतात, पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेत, मिशा अजून नोकरीवर आहेत. त्यांना पथ्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती लढाईचा नकाशा ऐकावा तशी ऐकली आणि तयार झाले. शनिवारी आम्ही बाय-टू मागवलं. मी पहिला चमचा तोंडाशी नेतो तो त्यांचा कप रिकामा. मग ते माझ्या कपाकडे पाहत बसले. सैन्यातल्या माणसाने असं रोखून पाहिलं की घास उतरत नाही. म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा मागवावं म्हटलं, तर म्हणाले, "छे छे, पथ्य म्हणजे पथ्य. बाय-टूच मागवा." ते आलं. मग चिक्कूचं आलं, मग आंब्याचं. प्रत्येक वेळी बाय-टू. उठलो तेव्हा अर्ध्या कपाचा नियम आम्ही एकदाही मोडलेला नव्हता, फक्त पोटाला ते पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रतापरावांच्या मंडळी आमच्या फाटकाशी आल्या आणि अदबीने म्हणाल्या, "अण्णा, आमच्या ह्यांना साखरेचं दुखणं आहे. तुम्ही एकटे आहात म्हणून बोलावून नेता हे समजतं हो, पण स्वल्प आमचाही विचार करा." मी 'सरी, सरी', बरं, बरं, म्हणून हात जोडले. आता प्रतापराव मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातात आणि तिकडून सलाम करतात.

शेवटी एकटाच जाऊ लागलो. त्या दुकानात कल्लाप्पा म्हणून वाढपी आहे, निपाणीकडचा, आमच्याशी मराठीच बोलतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा बाप अंथरुणाला खिळला म्हणून तो गावी गेला, तो संक्रांतीनंतर परत आला. आल्यावर पहिल्याच शनिवारी मला दारात बघून त्याने काही न विचारता बाय-टू आणलं. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा, चेरी लावलेला, भिंतीकडच्या खुर्चीपुढे. आणि म्हणाला, "अक्का मागनं येत्यात न्हवं?"

त्याला मी काहीतरी सांगितलं. काय ते आता नीट आठवत नाही. माझा अर्धा कप पथ्याप्रमाणे खाल्ला आणि तो दुसरा कप वितळताना बघत बसलो. चेरी आधी कलते, मग बुडते. तेव्हापासून दर शनिवारी तो दोन कप आणतो, आणि दर शनिवारी मी त्यातला एक खातो. पद्माकराच्या शास्त्राप्रमाणे समोरच्या कपातली कॅलरी मला लागत नाही. पण मला वाटतं की लागते. शनिवारी रात्री फार जड वाटतं. आठवड्याचे बाकीचे वार मी कसेतरी काढतो, रेडिओ ऐकतो, पेपर दोनदा वाचतो, पण शनिवारी एकटं वाटतं, शेषगिरी, अगदी एकटं वाटतं. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. कागद पुरा भरत आला आहे, दुसरा घेऊन पुन्हा लिहायचा कंटाळा आहे, म्हणून तसंच राहू देतो.

तर असा आइस्क्रीमचा वृत्तान्त आहे. तुझा प्रवास सुखाचा होवो. वेटिंग रूममध्ये खिडकीकडची खुर्ची धर, तिथे वारा येतो. चंपाच्या बाळाला माझ्यातर्फे मांडीवर घे, आणि अक्काच्या तर्फेही घे. नातवाला तिने केवढं डोक्यावर बसवलं असतं!

तुझा,
बिंदुमाधव

ता. क. धारवाडात बरा धोबी असला तर कळव. इथला माझे सदरे नेतो आणि कुणा धिप्पाड माणसाचे आणून देतो. त्याला दोनदा रागे भरलो. तो गळ्याची शपथ घेतो की सदरे माझेच आहेत, आणि खुणेचा दोरा बघितला तर तोही आमचाच आहे.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर पुन्हा वाचला. तुझ्याशी खोटं बोलून मला कधी पचलेलं नाही, म्हणून लिहितो. अर्ध्या कपाचं पथ्य पद्माकराने दिलेलं नाही. काट्यावर माझं वजन पाहून त्याने मला उतरवून पुन्हा उभं केलं होतं, आणि मग तो कॅलरीबद्दल जे अर्धा तास बोलला ते मी त्या वाढवाव्यात म्हणून. पोटभर जेवा, काका, तूप घ्या, आइस्क्रीम आवडतं तर चांगला भरलेला कप रोज खा, असं त्याने हात धरून सांगितलं. पथ्य माझं मीच काढलं. एकट्याने पूर्ण कप मागवला की तो माझ्याच्याने संपत नाही, आणि मला साकु म्हणून सरकवावा तर समोर कुणी नसतं. अर्धा मागण्यात निदान दुसरं कुणीतरी असायला हवं असं वाटत राहतं.

ता. क. तिसरा, आणि खरा. कल्लाप्पाला मी काय सांगितलं ते मला चांगलं आठवतं. मी म्हटलं, अक्का धारवाडला भावाकडे गेली आहे. तेव्हापासून ती तुझ्याकडेच आहे. दर शनिवारी तो विचारतो, "अजून आल्या न्हाईत व्हय? भाऊ लई जीव लावतोय जनू," आणि मी हो म्हणतो. मागच्या वेळी तो म्हणाला की इतके दिवस माहेरी राहतात म्हणजे तुमचं काही भांडण झालंय, मिटवून टाका. त्याला खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. माझ्याने होत नाही. तेरा दिवस मी ते येईल त्याला सांगितलं, पण त्या दुकानात, त्या खुर्चीसमोर ते बोललो की मग ती कुठेच नसेल.

तेव्हा शनिवारी तू ये. मी सकाळी फलाटावर असेन, तुझी ट्रंक उचलायला हमाल ठरवून. संध्याकाळी भिंतीकडच्या खुर्चीत बस, चेरी खा, आणि कल्लाप्पाने अक्का कशी आहे विचारलं की तू त्याला सांग. तू तिचा भाऊ आहेस, तुझं तो ऐकेल, कदाचित मीही ऐकेन. मेलला पुष्कळ वेळ असतो. आणि अक्का नाही म्हणून हे घर परकं झालं असं जे तू मनाशी ठरवलं आहेस, त्याचा जाब मी विचारणार नाही. माझा कान पिळायचा हक्क तुला तिच्यामुळे मिळाला होता, पण तो परत करायची रीत आपल्यात नाही. हवा तर पुन्हा लोंबकळ. फक्त वेटिंग रूममध्ये बसू नकोस.