तुमच्या नातीच्या गाण्यांवर लोक काय म्हणाले

दादा, तुमच्या नातीने एकटीने केलेल्या गाण्यांचा अल्बम आला. त्यावर लोक काय म्हणाले ते तुम्हाला सांगावं, असं बरेच दिवस मनात आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती सॅक्सोफोन वाजवते, आणि शेजारी बसलेल्याशी बोलावं इतकं हळू गाते. आधी पुण्यात मित्रमैत्रिणींबरोबर वाजवायची. ते पांगले, तेव्हा इथे नाशिकला येऊन तिने आमच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या आणि ही गाणी रेकॉर्ड केली. जॅझच्या वळणाची आहेत, संथ. तुम्ही मान जराशी तिरकी करून ऐकली असती.

वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं, गोड आहे, पण नाडी लागत नाही. कॉफीच्या दुकानात मागे वाजत राहावं असं संगीत. शेवटी म्हणतो, जणू कुणी जागं होईल या भीतीने वाजवलेलं. इंटरनेटवर दुसऱ्या एकाने कौतुक केलं, दुपारी एकट्याने ऐका म्हणाला. ऐकणाऱ्यांच्या तर तऱ्हाच. एक मुलगा अभ्यासाला लावतो, एका बाईंचं बाळ झोपतं. येवल्याच्या कुणी लिहिलं, मागावर बसलो की हेच लावतो, हात घाई करत नाही. माझी जाऊ फोनवर म्हणाली, "छान आहे गं, पण हिच्या लग्नात हे नको लावूस. पाहुणे पंगतीतच झोपतील." मी हसले. लेक हसली नाही. समीक्षकाचं ते शेवटचं वाक्य तिला लागलं होतं. सॅक्सोफोन पेटीत गेला आणि ती नोकरीच्या जाहिराती बघू लागली. "बरोबरच लिहिलंय त्याने. मी घाबरतच वाजवते." मला आवडली गं गाणी, मी म्हणाले. "तू आई आहेस. तू म्हणणारच."

मला मात्र त्या वाक्यात तुम्ही दिसलात. लग्नसराईतली सकाळ आहे. मी कॉन्व्हेंटला जायच्या गडबडीत पोळी खातेय, तुम्ही ओट्याशी उभे, अंगात बँडचा लाल कोट, तोंडात क्लॅरिनेटची पत्ती भिजत ठेवलेली. मी काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून नुसता 'हं' येतो, पण प्रत्येक 'हं' वेगळ्या सुरात, आणि आई म्हणते, "बापलेकीचं काय चाललंय, त्यांनाच ठाऊक." मग सुट्टीच्या दिवशी मी वरातीच्या कडेकडेने चालतेय. द्वारका चौकाच्या पुढे तो जुना दवाखाना येतो. तिथे बँड थांबवायची रीत. पण सगळंच थांबलं की माणसं पांगतात, नवरदेवाचा घोडा बिथरतो. म्हणून तुम्ही हात वर करून ढोल-ताशे बंद करता, आणि तीच नाचाची चाल एकटे, अगदी खालच्या सुरात वाजवत पुढे होता. नवरदेवाचा कुणी मित्र ओरडतो, "ओ मास्तर, झोप लागली काय?" तुम्ही क्षणभर क्लॅरिनेट ओठांपासून दूर धरता. "आत कुणीतरी निजलंय, बाबा. चालत राहा." आणि वरात खरोखरच चालत राहते, पावलं न वाजवता. शाळेत सिस्टर आम्हाला पियानो हळू वाजवायला लावायच्या, ते शिस्तीचं हळू होतं. तुमच्या हळू वाजवण्यात समोरच्या खिडक्या असायच्या.

हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तुमचं वाजवणं तिला ऐकवायला माझ्याजवळ काही नाही. लग्नांच्या कॅसेटी निघाल्या, त्यांत ताशे आहेत, फटाके आहेत, माणसांचा गलका आहे. दवाखान्यासमोर शूटिंगवाला कॅमेरा बंद करायचा. पुढे तुमचा दम उखडला, पत्ती वाटीतल्या पाण्यात तशीच पडून राहायची, आणि नंतर आईने ती वाटी मांडणीवर उपडी घातली. तुमचा एकही सूर कुठे राहिला नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ती एका सुरावर श्वास सोडते आणि सूर तसाच उघडा ठेवते, तुम्ही दवाखान्यासमोर ठेवायचात तसा. हे ती कुठे शिकली, मला माहीत नाही.

तर दादा, मी त्या गाण्याखाली लिहिलं. माझ्या नावाने नाही. लिहिलं की, बाळ, ही भीती नव्हे, आत कुणी निजलेलं असलं की असंच वाजवतात. मी क्लॅरिनेट वाजवायचो, मला ठाऊक आहे.

परवा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि मला ते वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. "कोण असतील गं? आजोबांच्या ओळखीतले?"

"असतील," मी म्हणाले, आणि भाजी ढवळत राहिले.

संध्याकाळी मागच्या खोलीतून सॅक्सोफोन ऐकू आला. तिने त्याखाली उत्तरही लिहिलंय: काका, तुम्ही कुठे वाजवायचात? अजून वाजवता का?

मी रोज ते उघडून बसते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. दुसऱ्यापाशी बोट थांबतं.