आकसते का, ते बघू

जपान, मेजी ४२ (१९०९), ३ एप्रिल

लग्न झालं! मध्यस्थ नाही, फोटोंची देवाणघेवाण नाही, शेजाऱ्यांकडे गुपचूप चौकशी नाही. निव्वळ प्रेम. तेइझोंच्या मासिकातल्या 'पवित्र प्रेम' लेखमालेची मी वाचक. पहिलं पत्र मीच धाडलं होतं. लग्नविधीतले साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, नऊ घोट रीतसर घेतले. कचेरीत जाऊन यांच्या घराच्या नोंदवहीत माझं नाव चढवणं तेवढं राहिलं. तेइझो म्हणाले, "पुढच्या आठवड्यात."

२९ एप्रिल

पुढचा आठवडा अजून यायचाय.

१६ मे

शेवटी नोंदणीचं सासूबाईंना विचारलं. लोणचं मुरवायच्या पिंपातला तांदळाचा कोंडा माझ्याकडून ढवळून घेत म्हणाल्या, "घाई काय गं? सून म्हणजे नवं कापड. धुतल्यावर आकसते का, ते बघायचं. माझं नाव तिसऱ्या वर्षी चढलं, तेइझो झाल्यावर."

तेइझो शेजारच्या खोलीत लेख लिहीत होते – 'स्त्री ही वस्तू नव्हे'. फार सुंदर लेख! स्वच्छ प्रत मीच काढली.

२ जुलै

मी टोफूवाल्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. हातांना वास मुळ्याच्या लोणच्याचा. नोंदच नाही; उद्या यांनी परत पाठवलं, तर यांना कुणाला जाबसुद्धा द्यावा लागणार नाही.

तेइझोंना तसं म्हटलं. म्हणाले, "दोन आत्मे एक झाल्यावर सरकारी कागद कशाला?"

आत्मा एक, हे खरं. त्यातला अर्धा बैठकीत जेवतो, अर्धा स्वयंपाकघरात. विहिरीपाशी जाऊन रडले.

९ सप्टेंबर

चिबा शहरातल्या मुलींच्या शाळेतून बोलावणं – शिक्षिकेची जागा! तेइझो म्हणाले, "नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला नोकरी धरता येत नाही. कायदाच आहे. आणि मी संमती देणार नाही."

कागद कशाला म्हणणारे ते हेच!

११ सप्टेंबर

माहेरच्या गावी कचेरीत जाऊन घराच्या नोंदवहीची नक्कल काढली. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही अजून वडिलांच्या घरच्या. अविवाहित. कुठल्या नवऱ्याची संमती आणणार?"

बाबांना सांगितलं. टोफू कापता कापता म्हणाले, "मग जा की!"

२० ऑक्टोबर

चिबाला शिकवायला लागून महिना झाला. आज शाळेच्या फाटकाशी तेइझो. लग्नाच्या नोंदणीचा कागद पूर्ण भरलेला, त्यांचा शिक्का उमटलेला. माझा तेवढा बाकी. डोळ्यांत पाणी – खरंखुरं. माझ्याही.

मी हवी होते की संमतीचा हक्क, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अहो, घाई काय?" म्हटलं. "आधी धुऊन बघू."