वाटून घेतलेल्या गोळ्या

माय, घरात कोणी अंडं उकडलं की मला तू आठवतेस. कळसाडीच्या आपल्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि मी धुळ्याला क्षयाच्या प्रयोगशाळेत दिवसभर तीच फोडायचो. अंड्याचा बलक, त्यात हिरवा रंग, बाटलीत आडवा थर. त्यावर रोग्याचा बेडका लावायचा आणि जंतू उगवायची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. एका बाटलीत औषध मिसळलेलं, एकीत नाही. औषधाच्या बाटलीतही उगवले, की समजायचं, त्या रोग्याला ते औषध आता चालत नाही. रविवारी मी घरी आलो की तू मोरीकडे बोट दाखवायचीस, "पहिले आंग धुईसन ये."

साठ सालाच्या मागेपुढे तो खोकला तुलाच लागला. गोळ्या मीच आणून देत होतो, तरी तू वाळतच चाललीस. एका रविवारी बघतो तर चुलीपाशी बसून तू गोळ्या दोन वाट्यांत टाकते आहेस, एक तुझी, एक काकूची. माझं डोकंच फिरलं. तू शांत. "ती बी खोकी ऱ्हायनी ना भाऊ. मी एकलीच कशी खाऊ?" गुळाचा खडा आला तरी दोघी जावांत सारखा वाटायचा, ही तुझी रीत. ती औषधालाही लावलीस. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत माय, सरावतात, असं मी सांगत बसलोय आणि तू भाकरी थापते आहेस.

दोघींचा बेडका मी नेला. तुझ्या औषधाच्या बाटलीत भाकरीच्या चुऱ्यासारखे कण दाट उगवले. दुसऱ्या औषधासाठी धावलो, पण उशीर झाला होता. काकूच्या दोन्ही बाटल्या कोऱ्या. तिला हा रोग नव्हताच. घरात रचलेल्या कापसाची धूळ छातीत गेली होती, एवढंच.

खाटेवरून तू विचारलंस, "काकूनी बाटलीमा काय निंघनं?" काही नाही, म्हणालो. "देख, गोया लागू पडन्यात तिले." आणि किती दिवसांनी हसलीस. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

काकू पुढं खूप जगली. मला जेवू घालायची, तुझं नाव काढून रडायची. तिला मी कधी काही बोललो नाही. आता थकलोय, आणि हे लिहून तरी पाठवायचं कुठं. लोक तुझ्या फोटोपुढे हात जोडतात, मीही जोडतो. पण खरं सांगू? मला तुझा अजून राग येतो. तुझ्या वाटच्या गोळ्या तूच खायच्या होत्यास, माय.